जुने होम कॉम्प्युटर आणि त्यांचे व्हिडिओ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या होम कॉम्प्युटरचे व्हिडिओ बघणारे, बनवणारे आणि "आपणही एखादा करावा का" म्हणून उंबरठ्यावर अडलेले, असे तिघेही तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. काही दोन ओळींत आटोपली आहेत. जिथे माझे स्वतःचे हात पोळले, तिथे जरा जास्तच बोललो आहे.

होम कॉम्प्युटर नेमकं कशाला म्हणायचं? माझा जुना पेंटियम यात बसतो का?

नाही बसत. ढोबळमानाने १९७७ ते नव्वदच्या दशकाची सुरुवात एवढा हा काळ. १९७७ साली ॲपल २, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० ही तीन मशीन आली आणि खोक्यातून काढून थेट चालू करता येईल असा कॉम्प्युटर घरात शिरला. मग १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४, १९८३ मध्ये एमएसएक्स, १९८५ मध्ये अटारी एसटी आणि पहिला अमिगा.

यातल्या बहुतेकांची खूण अशी की कीबोर्ड आणि कॉम्प्युटर ही एकच वस्तू, पडदा म्हणजे घरातला टीव्ही, आणि आठ-बिटवाल्यांत (म्हणजे जुन्या, साध्या प्रोसेसरच्या मशीनमध्ये) स्विच टाकताक्षणी समोर बेसिक भाषा हजर. कमोडोर ६४ चालू केला की निळ्या पडद्यावर "३८९११ बेसिक बाइट्स फ्री" आणि त्याखाली "रेडी" एवढंच. ६४ के मेमरीतली बाकीची कुठे गेली, हा प्रश्न तेव्हाच्या प्रत्येक पोराला पडलेला. (बरीचशी रॉमच्या, म्हणजे कारखान्यातच प्रोग्राम भरून दिलेल्या चिपच्या, आड झाकलेली असते. मशीन लँग्वेज, म्हणजे प्रोसेसरची थेट भाषा, शिकलात की हाताला लागते.)

एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारे प्रोग्राम) फुकट मिळतात, अचूकही असतात. मग खऱ्या मशीनचा व्हिडिओ कशाला?

एम्युलेटरवर माझा काहीच राग नाही. कमोडोरसाठीचा व्हाइस १९९३ पासून आहे आणि मी रोज वापरतो. पण एम्युलेटर प्रोग्राम दाखवतो. तो प्रोग्राम माणूस कसा वापरायचा, ते त्यात कुठेच साठवलेलं नसतं.

स्पेक्ट्रमवर कॅसेटमधून गेम चढवायचा तर आधी जे दाबायचं, की अख्खा "लोड" शब्द एका फटक्यात उमटतो. मग सिम्बॉल शिफ्ट धरून पी दोनदा, म्हणजे दोन अवतरणचिन्हं. एंटर. मग टेपरेकॉर्डरचं प्ले. पडद्याच्या कडेला लाल आणि आकाशी पट्टे सरकायला लागतात आणि एक लांब सूर ऐकू येतो. खरा डेटा सुरू झाला की पट्टे निळे-पिवळे आणि बारीक होतात आणि सुराची खरखर होते. मग गेमचं चित्र उतरतं, तेही वरून खाली सरळ नाही. पडद्याचे तीन भाग, आणि प्रत्येक भागात रेघा सोडून सोडून, खिडकीच्या पट्ट्या मिटाव्यात तसं. सगळं काळं-पांढरं. अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ गेल्यावर अगदी शेवटी वरून खाली रंग ओतला जातो, कारण ६९१२ बाइट्सच्या त्या चित्रात रंगाची माहिती शेवटच्या ७६८ बाइट्समध्ये असते.

४८ के भरायला पाच मिनिटांच्या आसपास लागायची. साडेचार मिनिटं झाल्यावर "आर टेप लोडिंग एरर" आलं की घरातली मंडळी सुद्धा हळहळायची. एम्युलेटरमध्ये हे सगळं एका सेकंदात उरकतं, आणि ते बरंच आहे, खेळायचं असेल तर. पण ती पाच मिनिटं एखाद्या व्हिडिओत अखंड राहिली नाहीत, तर तीस वर्षांनी कुणाला कळणारही नाही की त्या काळी गेम खेळण्यात बसून वाट बघणं हाही एक भाग होता. या पानावरची बाकीची बरीच उत्तरं इथूनच निघतात.

म्हणजे व्हिडिओ काढला की मशीनचं जतन झालं?

अजिबात नाही, आणि हा गैरसमज फार पसरला आहे. जपायच्या गोष्टी तीन. एक, वस्तू. दोन, तिच्यावर चालणारा मजकूर म्हणजे रॉम, फ्लॉपी, कॅसेट, मॅन्युअल. तीन, वापर. व्हिडिओ फक्त तिसरीला पुरतो. पहिलीला स्क्रूड्रायव्हर आणि कोरडी जागा लागते, दुसरीला डिस्क इमेज, म्हणजे फ्लॉपी-कॅसेटची फाइलमधली हुबेहूब प्रत, आणि स्कॅनर. कॅसेटचा पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ केलात आणि त्याच कॅसेटची इमेज काढली नाहीत, तर तुम्ही लग्नाचं शूटिंग केलंत आणि नवरा-नवरीची नावं लिहायला विसरलात.

आणि "संग्रहालयात आहे, म्हणजे सुरक्षित आहे" असंही समजू नका. सिॲटलला पॉल ॲलन यांनी उभं केलेलं लिव्हिंग कॉम्प्युटर्स संग्रहालय २०१२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं होतं. तिथे जुनी मशीन चालू ठेवलेली असत, लोकांना हात लावू देत. २०२० मध्ये ते बंद झालं, आणि २०२४ मध्ये ते कायमचं बंद राहणार असल्याचं जाहीर होऊन त्यातल्या अनेक वस्तू क्रिस्टीजच्या लिलावात गेल्या. तिथे भेट देणाऱ्यांनी हौसेने काढलेल्या हलत्या-डुलत्या व्हिडिओंची किंमत आज वेगळी आहे.

पडद्याचं शूटिंग करताना काळे पट्टे वर-खाली सरकतात. काय चुकतंय?

तुमचं काही चुकत नाही. जुना काचेचा टीव्ही चित्र एकदम दाखवत नाही, एक एक रेघ ओढत जातो. कॅमेऱ्याचं शटर त्या गतीशी जुळलं नाही की अर्धवट ओढलेलं चित्र टिपलं जातं. पाल पद्धतीच्या (युरोप-भारतातल्या, सेकंदाला ५० चित्रांच्या टीव्हीच्या) मशीनसाठी कॅमेरा २५ किंवा ५० फ्रेमवर ठेवून शटर १/५०, एनटीएससीसाठी (अमेरिका-जपानमधली ६० चित्रांची पद्धत) ३० किंवा ६० फ्रेम आणि शटर १/६०. फोनमध्ये हे हाताने ठरवू देणारं ॲप वापरा आणि एक्स्पोजर लॉक करा. नाहीतर पडदा काळा झाला की फोन उजेड वाढवतो आणि पांढरा झाला की डोळे मिटतो.

एवढं करूनही एक फिकट पट्टा अगदी सावकाश सरकताना दिसला तर घाबरू नका. स्पेक्ट्रम बरोबर ५० वर चालतच नाही. त्याची एक फ्रेम ६९,८८८ टिक्सची (टिक म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका), घड्याळ सेकंदाला ३५ लाख टिक्सचं, भागाकार येतो ५०.०८. पालवाला कमोडोर ६४ चालतो ५०.१२ वर. कॅमेऱ्यात शटर दशांशात हलवता येत असेल तर तेवढं हलवा, नसेल तर तो पट्टा राहू द्या. पडद्यावर जाळीसारख्या वेड्यावाकड्या लाटा आल्या तर कॅमेरा थोडा मागे घ्या किंवा फोकस केसभर ढिला करा.

त्यापेक्षा कॅप्चर कार्डने थेट चित्र घेतलं तर?

घ्या, पण दोन खड्डे चुकवा. ही मशीन निम्म्याच रेघा, पण सेकंदाला ५० किंवा ६० वेळा पाठवतात. स्वस्तातलं कार्ड त्याला साध्या टीव्हीचं एकाआड एक रेघांचं चित्र समजतं आणि दोन फ्रेम एकत्र शिवून २५ किंवा ३० च करतं. मग गंमत बघा: अनेक गेममध्ये एकाच जागी दोन आकृत्या दाखवायला त्या आलटून पालटून चमकवत असत. निम्म्या फ्रेम गेल्या की त्यातली एक आकृती व्हिडिओतून गायबच होते. गोळी सुटते, पण दिसत नाही. हे टाळायला ओएसएससी किंवा रेट्रोटिंकसारखा स्केलर (जुना सिग्नल आजच्या पडद्याजोगा करून देणारा डबा) मध्ये घाला आणि शेवटपर्यंत पूर्ण ५० फ्रेम राखा. यूट्यूबवर ५० किंवा ६० फ्रेम हव्या असतील तर व्हिडिओ निदान ७२० रेघांचा लागतो. त्याखाली ते निम्म्यावर आणतात.

दुसरा खड्डा धूसरपणाचा. २५६ बाय १९२ चं चित्र मोठं करताना पूर्ण पटीत करा, चौपट किंवा पाचपट, आणि एडिटरमधलं गुळगुळीत करणारं फिल्टर बंद ठेवा. मी दोन्ही घेतो, कार्डवरून स्वच्छ चित्र आणि बाजूने कॅमेऱ्यातून खरा पडदा. जिथे गेम समजावून सांगायचा तिथे पहिलं, जिथे तो अनुभवायचा तिथे दुसरं.

खरे रंग कोणते? प्रत्येक व्हिडिओत वेगळेच दिसतात.

ॲपल २ चं उदाहरण देतो म्हणजे प्रश्न किती बिकट आहे ते कळेल. त्याच्या हाय-रेझोल्यूशन चित्रात जांभळा, हिरवा, केशरी, निळा हे रंग मेमरीत रंग म्हणून नसतातच. ॲपल २ घडवणाऱ्या वॉझ्नियाकने ठिपके अशा अंतरावर ठेवले की एनटीएससी टीव्हीची रंग ओळखणारी यंत्रणा फसावी आणि तिला तिथे रंग दिसावा. तोच सिग्नल एकरंगी मॉनिटरला दिला तर नुसत्या उभ्या रेघा. म्हणजे जास्त "स्वच्छ" पडदा लावलात तर चित्र खोटं होतं! म्हणून व्हिडिओत रंगांबद्दल काही ठासून सांगण्याआधी कोणत्या केबलने, कोणत्या पडद्यावर दाखवताय ते सांगा.

आवाज कसा घ्यावा?

दोन वेगळ्या वाटांनी. मशीनचा आवाज तारेने थेट, आणि कळा, फ्लॉपी ड्राइव्ह, टेपरेकॉर्डरचं बटण यांचा आवाज माइकने. पहिल्या वर्षी मी हा घोळ घालून बसलो. अर्धा तास नीट शूटिंग केलं, घरी आणून ऐकतो तर मी बोलतोय ते खणखणीत, आणि कॅसेट लोड होतानाचा सगळा आवाज पुसलेला. रेकॉर्डिंगमधलं नॉइज सप्रेशन चालू राहिलं होतं. त्याच्या लेखी तो सूर म्हणजे कचरा. त्या कॅसेटने पुन्हा दगाही दिला, त्यामुळे ते अर्ध्या तासाचं मूकनाट्य तसंच पडून आहे. तेव्हापासून शूटिंगआधी दहा सेकंद रेकॉर्ड करून, हेडफोन लावून ऐकल्याशिवाय मी पुढे जात नाही.

कमोडोर ६४ च्या संगीताचा व्हिडिओ करत असाल तर आत कोणती सिड (आवाज काढणारी) चिप आहे ते आधी झाकण उघडून बघा. बॉब यॅनिस यांनी घडवलेली मूळ चिप ६५८१. तिचा फिल्टर चिपागणिक वेगळा, एकीत खोल आणि दुसरीत घोगरा. नंतर आलेली ८५८० जास्त एकसारखी, पण जुन्या गेममधले आवाजाचे तुकडे, म्हणजे माणसाचं ओरडणं किंवा ढोल, तिच्यात अगदी दबून जातात. कारण ते तुकडे जुन्या चिपच्या एका दोषाचा फायदा घेऊन वाजवलेले होते. दोष दुरुस्त झाला आणि ढोल गेले. दोन्ही मशीन शेजारी ठेवून एकच धून वाजवलीत तर पाच मिनिटांचा उत्तम व्हिडिओ तयार, निवेदनाची गरजच नाही.

व्हिडिओतला कॅसेटचा आवाज मशीनला ऐकवला तर प्रोग्राम खरंच लोड होतो का?

कधी कधी होतो! आणि झाला की लहान मुलासारख्या उड्या माराव्याशा वाटतात. तत्त्वतः नवल नाही. ऐंशीच्या दशकात नेदरलँड्समध्ये एनओएस रेडिओवरून प्रोग्राम चक्क ऐकवले जात, लोक ते कॅसेटवर टेप करून घेत. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर तेच चालावेत म्हणून बेसिकोड नावाची समाईक बोलीच त्यांनी काढली होती. पण व्हिडिओसाठी आवाज दाबला जातो, कडा गुळगुळीत होतात, आणि वेगवान लोडर असलेल्या कॅसेटी बहुधा फसतात. गंमत म्हणून करा. जतनासाठी मात्र कॅसेटचा आवाज न दाबलेल्या वेव्ह फाइलमध्ये घ्या आणि त्यातून टीझेडएक्स (स्पेक्ट्रमच्या कॅसेटसाठीचा फाइल प्रकार) इमेज बनवा.

माळ्यावरून मशीन काढलं. कॅमेरा लावून लगेच स्विच टाकू? तो "पहिला क्षण" छान येईल.

थांबा! तो पहिला क्षण शेवटचा ठरू शकतो.

कमोडोर ६४ चा मूळ पॉवर सप्लाय, तो जड, आत राळ ओतलेला ठोकळा, म्हातारपणी पाच व्होल्टच्या जागी जास्त व्होल्ट द्यायला लागतो आणि मेमरी चिप एका दमात जाळतो. मशीनला जोडण्याआधी मल्टिमीटरने मोजा. मोजमाप ठीक आलं तरी भार पडल्यावर ते बदलू शकतं, म्हणून मी तर नवीन बनावटीचाच सप्लाय वापरतो. बीबीसी मायक्रोच्या सप्लायमधले पारदर्शक पिवळट कवचाचे कपॅसिटर बघा. कवचाला बारीक चिरा पडून आत दमटपणा शिरतो आणि चालू केल्यावर काही मिनिटांनी फाट आवाज होऊन खोलीभर घाण वासाचा धूर. मशीन बहुतेक वेळा वाचतं, पण घरच्यांची परवानगी जाते. अमिगा ५०० प्लस आणि अमिगा २००० उघडा आणि बोर्डवरची बॅटरी शोधा. ती गळून हिरवट खार पसरला असेल तर आधी बॅटरी कापून काढायची, मग खार साफ करायचा, आणि तो सगळा व्हिडिओत दाखवायचा.

काचेचा मॉनिटर मात्र शिकलेल्या माणसाशिवाय उघडू नका. आत हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते टिकून राहू शकतात. व्हिडिओ बघून शिकायची ही गोष्ट नव्हे.

पहिला क्षण हवाच असेल तर सगळं तपासून झाल्यावर स्विच टाका, तेव्हाही तो तितकाच पहिला असतो.

पिवळं पडलेलं प्लास्टिक पांढरं करावं का?

हा वाद दोन चहांत मिटत नाही. रेट्रोब्राइट नावाने ओळखली जाणारी पद्धत २००८ च्या सुमाराला हौशी मंडळींनी बसवली: हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील किरण. पिवळेपणा पृष्ठभागावर असतो, ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तो येतो, आणि पेरॉक्साइड तो उतरवतं. व्हिडिओत आधी-नंतरचं दृश्य भारी दिसतं यात शंका नाही.

पण तो परत येतो, अगदी अंधारात ठेवलेल्या मशीनवरही. आणि चुकलात तर आधीपेक्षा वाईट. मी एका झाकणाला क्रीम फासून, वर प्लास्टिक गुंडाळून उन्हात ठेवलं. प्लास्टिकच्या सुरकुत्या जिथे होत्या तिथे पांढऱ्या शिरा उठल्या, संगमरवरासारख्या. ते झाकण आजही तसंच आहे आणि प्रत्येक पाहुणा विचारतो. आता करायचंच झालं तर पूर्ण बुडवून करतो, आणि बहुतेकदा करतच नाही. सारखं पिवळं झालेलं मशीन मला म्हाताऱ्या माणसासारखं दिसतं, आजारी नव्हे. साबणपाणी, मऊ ब्रश, आणि कळांखालचा चाळीस वर्षांचा चुरा झाडून काढणं एवढ्यानेच मशीन ओळखू येईनासं होतं. साफसफाईच्या आधी मात्र सगळ्या बाजूंनी शूट करा. कुणी पेनने लिहिलेलं नाव, चिकटवलेलं स्टिकर हेही त्या मशीनच्या इतिहासातच जमा.

दुरुस्तीचा व्हिडिओ किती लांब असावा? फसलेले प्रयत्न कापून टाकू?

लांबीचा हिशोब ज्याचा त्याचा, पण फसलेले प्रयत्न ठेवा. कमोडोर ६४ नुसता काळा पडदा दाखवत असेल तर कारण पॉवर सप्लाय असू शकतं, पीएलए चिप (कधी मेमरी आणि कधी रॉम वाचायचा ते ठरवणारी) असू शकते, मेमरी असू शकते, रॉम असू शकतो. "मी पीएलए बदलली आणि चालू झालं" हे वीस सेकंदांचं वाक्य कुणाच्याच कामाचं नाही. आधी पाच व्होल्ट मोजले, मग चिपांना बोट लावून कोणती चटका देतेय बघितलं, मग मेमरीवर संशय घेऊन एक बदलली आणि तो संशय खोटा निघाला, हे सगळं दिसलं तर समोरचा स्वतःच्या वेगळ्या बिघाडापाशी पोचू शकतो.

काही बिघाड ठरलेले असतात, ते झटपट दाखवून मोकळे व्हा. स्पेक्ट्रमच्या कळांखालचं मेंब्रेन ठिसूळ होऊन त्याची पट्टी तुटते, नवीन घालायचं. ॲमस्ट्रॅड सीपीसी ६१२८ च्या तीन इंची ड्राइव्हचा रबरी पट्टा सैल पडतो किंवा वितळून चिकट होतो, पुसून नवीन चढवायचा. यावर चाळीस मिनिटं घेऊ नका. सोल्डरिंगचे सलग अठ्ठावीस ठिपके मीही कापतो. माझा आग्रह फक्त मशीनच्या स्वतःच्या वेळेबद्दल आहे: लोड होणं, ड्राइव्हची खडखड, पडदा उजळणं. तिथे कात्री लावायची असेल तर निदान एकदा, एका व्हिडिओत, अखंड ठेवा आणि बाकी ठिकाणी लावा.

फ्लॉपीवर काय आहे ते कॅमेऱ्यासमोर उघडून बघितलं तर चालेल?

आधी इमेज, मग कॅमेरा. चाळीस वर्षांची फ्लॉपी जेव्हा पहिल्यांदा फिरते तेव्हाच सगळ्यात चांगली वाचली जाण्याची शक्यता असते. बुरशीचे ठिपके असतील तर फिरवूच नका. त्या बुरशीने ड्राइव्हचं हेड (फ्लॉपी वाचणारा भाग) माखतं आणि पुढच्या फ्लॉपीचा थर खरवडला जातो. दर फ्लॉपीनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

साधी डी६४ इमेज कमोडोरच्या १५४१ फ्लॉपी ड्राइव्हच्या १७० के डेटासाठी पुरते, पण विकत मिळणाऱ्या गेममध्ये नक्कल रोखायला मुद्दाम बिघडवलेले ट्रॅक असत, ते तिच्यात येत नाहीत. त्यासाठी चुंबकीय बदलच जसेच्या तसे टिपावे लागतात. ग्रीझवीझल हे छोटं कार्ड आणि एक साधा पीसी ड्राइव्ह यावर बरंचसं काम होतं. लेखणीने नाव लिहिलेल्या घरगुती फ्लॉपी आधी घ्या. गाजलेल्या गेमच्या शंभर प्रती जगात आहेत, कुणाच्या तरी वडिलांनी लिहिलेल्या हिशोबाच्या प्रोग्रामची एकच.

कॉपीराइटचं काय?

जुनं आहे म्हणून मोकळं होत नाही. मशीन दाखवणं, दुरुस्त करणं, त्यावर बोलणं यात सहसा कुणी आडवं येत नाही. रॉम आणि गेमच्या फाइली व्हिडिओखाली वाटायला ठेवणं ही निराळी गोष्ट. काही मालकांनी दार उघडलं आहे: १९८६ मध्ये स्पेक्ट्रमवाल्या सिंक्लेअर कंपनीचा कॉम्प्युटर व्यवसाय घेणाऱ्या ॲमस्ट्रॅडने १९९९ मध्ये स्पेक्ट्रमचे रॉम एम्युलेटरसोबत द्यायला परवानगी दिली, हक्क स्वतःकडे ठेवून. मायक्रोसॉफ्टने जीडब्ल्यू-बेसिकचा सोर्स २०२० मध्ये आणि ६५०२ प्रोसेसरसाठीच्या बेसिकचा २०२५ मध्ये खुला केला. सगळे असे नसतात, त्यामुळे दर वेळी बघून घ्या. गेममधली धून एखाद्या गाण्यावरून उचललेली असेल तर व्हिडिओवर आपोआप दावा लागू शकतो, तेवढी तयारी ठेवा.

वर्णनात काय काय लिहावं?

इथे बहुतेक जण आळस करतात. मशीनचं पूर्ण नाव, पाल की एनटीएससी, बोर्डवर छापलेला क्रमांक (कमोडोर ६४ वर "असेंब्ली २५०४०७" सारखा, स्पेक्ट्रमवर "इश्यू"चा आकडा), सिरियल नंबर, चिपांवरचे तारीख-कोड, काय बदललं, काय मूळ आहे, आणि चित्र कोणत्या वाटेने घेतलं. व्हिडिओ बघून कुणीतरी त्याच बोर्डवर काम करणार असतो, त्याला तुमच्या पार्श्वसंगीताशी देणंघेणं नसतं.

कोणते व्हिडिओ बघून सुरुवात करू?

आधी त्या काळातलंच बघा. अमेरिकेत स्ट्युअर्ट शेफे यांचा कॉम्प्युटर क्रॉनिकल्स हा टीव्ही कार्यक्रम १९८३ पासून २००२ पर्यंत चालला. सुरुवातीला त्यांच्या शेजारी सीपी/एम या सुरुवातीच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे जनक गॅरी किल्डॉल बसत. इंटरनेट अर्काइव्हवर त्याचे शेकडो भाग आहेत. बीबीसीनेही आपल्या कॉम्प्युटर साक्षरता प्रकल्पाचे जुने कार्यक्रम २०१८ मध्ये ऑनलाइन खुले केले. त्यांतला निवेदक मोडेम म्हणजे काय ते ज्या गंभीर चेहऱ्याने समजावतो, ते आजचा कुठलाही व्हिडिओ देऊ शकत नाही.

आजच्या यूट्यूब चॅनेलांपैकी दुरुस्तीची विचारपद्धती शिकायला एड्रियन्स डिजिटल बेसमेंट, गोष्ट सांगण्याची हातोटी बघायला एलजीआर, सोप्या स्पष्टीकरणासाठी द एट-बिट गाय. होम कॉम्प्युटरचा विषय नसूनही क्युरियसमार्कवरची अपोलो गायडन्स कॉम्प्युटर (चंद्रावर गेलेल्या यानांतला) पुन्हा जिवंत केल्याची मालिका बघाच. घाई न करता काम दाखवावं कसं, ते तिथे कळतं.

माझ्याकडे एकही जुनं मशीन नाही. मी काय करू शकतो?

माणसं आहेत की. ज्यांनी ही मशीन विकली, शिकवली, त्यांवर रात्र रात्र टायपिंग केलं, त्यांना बोलतं करा. एक युक्ती: "तुमची आठवण सांगा" म्हटलं की माणूस भाषण देतो. त्यापेक्षा जुन्या मासिकातली प्रोग्रामची लांबलचक यादी त्यांच्यासमोर ठेवा आणि एम्युलेटरवर टाइप करायला सांगा. मी एका काकांना तसं बसवलं. दुसऱ्याच ओळीला त्यांनी चश्मा वर केला, कागदावर पट्टी ठेवली आणि ती एक एक ओळ खाली सरकवायला लागले. पट्टी ठेवायचं मी सांगितलं नव्हतं, त्यांनाही आपण ती ठेवल्याचं लक्षात आलं नव्हतं. मुलाखतीतलं ते सगळ्यात मोलाचं दृश्य ठरलं.

मूळ फाइल किती दिवस ठेवायची?

कायमची. चढवलेला व्हिडिओ म्हणजे दाबून बारीक केलेली प्रत. मूळ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर, एक घराबाहेर, आणि शक्य असेल ते इंटरनेट अर्काइव्हवर. वर्षातून एकदा उघडून बघा.

मशीन दुरुस्त झालंच नाही, तर तो व्हिडिओ टाकू का?

टाका. माझ्या टेबलावर एक बोर्ड अकरा महिने पडलाय. आठ मेमरी चिप बदलल्या, क्रिस्टल बदलला, दोन ट्रेस (बोर्डवरच्या तांब्याच्या वाटा) जोडले, तरी पडद्यावर त्याच उभ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. पहिला भाग पट्ट्यांवरच संपवला आणि जे जे मोजलं ते सगळे आकडे वर्णनात दिले. तीन जणांनी तीन वेगळी कारणं लिहून पाठवली, त्यातली दोन माझ्या डोक्यातही आली नव्हती. पहिलं खोटं निघालं. दुसरं तपासायला ऑसिलोस्कोप लागतो, तो या रविवारी मित्राकडून आणतोय. कॅमेरा आधीच चार्ज करून ठेवलाय.